ज्वारीचे डोहाळे

मंडळी, मला विषय दिला होता 'दक्षिणेतलं खेडं'. आता दक्षिण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कावेरीकाठची भातखाचरं आणि नारळाची झाडं येतात. माझ्या दक्षिणेत देवापुढे फोडायचा नारळसुद्धा बाजारातून आणावा लागतो. माझं आजोळ विजापूर जिल्ह्यात, बसवन बागेवाडी तालुक्यात, डोण नदीच्या खोऱ्यात. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. २०१४ पासून त्याचं नाव विजयपुर झालंय, पण आमच्या तोंडी विजापूरच बसलंय. डोणीचं पाणी उन्हाळ्यात खारट लागतं. माती मात्र काळीभोर. डोणी पिकली तर ओणी भरून ज्वारी, अशा अर्थाची म्हण तिथल्या शेंबड्या पोरालाही येते. ओणी म्हणजे गल्ली.

त्या गावाचं सगळं वर्ष ज्वारीला बांधलेलं होतं, एवढंच मी आज सांगणार आहे. सणसुद्धा.

सुरुवात कारहुण्णिमेपासून, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेपासून. बैल रंगवून पळवायचे आणि वेशीत बांधलेलं तोरण तोडायचं. पांढरा बैल पुढे निघाला तर ज्वारी-कापूस चांगला, तांबडा निघाला तर तांबडी पिकं. पुढच्या अमावास्येला मातीचे बैल. हे तुम्हाला आपल्या बेंदूर-पोळ्यावरून कळेल, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

जोकुमार मात्र आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. भाद्रपदात, आपल्याकडे गौरी-गणपतीची धांदल असते तेव्हा, तिकडे कोळी समाजातल्या बायका, ज्यांना अंबिगेर म्हणतात त्या, बुट्टीत, म्हणजे टोपलीत, एक मातीची मूर्ती घेऊन दारोदार फिरतात. मोठे डोळे, मोठ्या मिश्या, भोवती कडुलिंबाचा पाला. घरातली बाई त्याच्या तोंडाला लोणी लावते आणि सुपातून जोंधळे घालते. बदल्यात मिळालेला पाला शेतात टाकायचा, पिकाला कीड लागत नाही म्हणून. कथा अशी, की गणपती पाहुणचार झोडून कैलासावर जातो आणि शंकराला सांगतो, खाली सगळं छान चाललंय. जोकुमार जाऊन खरं सांगतो: पाऊस नाही, लोक हाल काढतायत. मग पाऊस येतो. या खरं बोलणाऱ्याचं आयुष्य सातच दिवसांचं. पौर्णिमेच्या रात्री त्याला मारतात. लहानपणी मला गणपतीचा राग यायचा. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मोदक खाल्ल्यावर कोण तक्रार करील?" तिकडे आजीला आयी म्हणतात, पण तुमचा घोटाळा नको म्हणून मी आजीच म्हणतो.

आता येळ्ळ अमावास्या. मार्गशीर्षातली. कोणी येळ्ळ म्हणजे तीळ सांगतं, कोणी येळु म्हणजे सात. लातूर-धाराशिवची मंडळी इथं असतील तर ती हसली असतील, कारण ही त्यांची वेळा अमावास्या, येळवस. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. अख्खं गाव शेतात, मग कचेरीत बसणार कोण?

हा दिवस कधी येतो ते बघा. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढे पावसाचा भरवसा नसतो. काळ्या जमिनीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर पीक यायचं. भेगा पडल्या की ती ओल उडून जाते, म्हणून कोळपणी करून भेगा बुजवायच्या. अमावास्येपर्यंत ज्वारी पोटरीत आलेली असते. कणीस आत असतं, पान फुगलेलं असतं. मराठीत आपण 'पोटरी' म्हणतो ते उगाच नाही. पीक गरोदर आहे. मग बाईचं करतात तेच तिचं करायचं: डोहाळजेवण.

आजी आदल्या रात्री झोपायचीच नाही. बाजरीच्या कडक भाकरी, शेंगापोळी, तिळाची पोळी, भरली वांगी, कारळाची चटणी, दहीभात. इरकली नेसून ती बैलगाडीत बुट्टी मांडीवर घेऊन बसायची आणि आम्हाला झाकण उघडू द्यायची नाही. शेतात शमीखाली पाच दगड मांडायचे, ते पांडव. पूजा झाली की सगळं अन्न थोडं थोडं कालवायचं, तो चरग. मामा पुढे चालत बांधाबांधानं तो शिंपडायचा आणि ओरडायचा "हुलुल्लिगो", मागचा म्हणायचा "चळांब्रिगो". लातूरकडे "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणतात. अर्थ विचारू नका, मामालाही ठाऊक नव्हता. पण त्या फेरीत त्याचं लक्ष पिकावरच असायचं. इथं मावा दिसतोय, तिथं पोंगेमर झालीय, मधला कोंबच वाळलाय, हा कोपरा खुजा राहिलाय. घुगऱ्या-पोळ्यांच्या दिवशी तो सबंध शेताची तपासणी करून यायचा.

जेवायला वाटसरूलाही हाक मारायची पद्धत. हे मी अभिमानानं सांगतो, पण अर्धंच सांगू नये. खुरपणीच्या बायकांना बोलावणं असायचं, जेवण तेच, पोटभर. पंगत मात्र बांधाच्या पलीकडे. मला ते दिसत होतं. मी विचारलं नाही.

पुढे अलमट्टी धरणाचं पाणी कालव्यातून आलं. मामानं ऊस लावला. पैसा आला, त्यात वाईट काहीच नाही. कोरडवाहूत मामीनं काय सोसलंय ते मी पाहिलंय. पण त्या अमावास्येला आजी बुट्टी घेऊन उसाच्या कडेला उभी राहिली. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आठवड्याभरात तोड येणार होती. ती म्हणाली, "ह्याला कसले डोहाळे? हा तर कारखान्याला निघालाय." मग शेजारच्या शेतात दोन काकऱ्या ज्वारी उभी होती, तिथं तिनं चरग टाकला. शेजाऱ्याला न विचारता.

आता मामेभाऊ उसाच्या मधोमध चार गुंठे मालदांडी ज्वारी पेरतो. हिशेबात ते बसत नाही. आसपास दुसरी ज्वारी नसल्यानं गावातली सगळी पाखरं त्याच तुकड्यावर उतरतात आणि दाणा भरला की कणसं पोकळ करून जातात. गोफण घेऊन कोणी उभं राहत नाही. गेल्या वेळी मी म्हटलं, जाळी तरी टाक. तो म्हणाला, "अमावास्येपर्यंत पोटरी धरली, माझं काम झालं. पुढं पाखरांचं."