डावा कालवा आणि एक मिलीसेकंद

(दृश्य: पैठण, पहाट. नाथसागराचे दरवाजे, मग कालव्याच्या कडेनं जाणारा रस्ता.)

जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो, जालना जिल्हा ओलांडतो आणि परभणीकडे येतो. लांबी 208 किलोमीटर. आमचं शेत त्याच्या टेलकडचं, म्हणजे शेवटच्या टोकाचं. आवर्तन सुटल्याची बातमी आली की लहानपणी मी त्याच संध्याकाळी चारीवर जाऊन उभा राहायचो. चारी कोरडी ठणठणीत. अण्णा म्हणायचे, "सोडलं म्हणजे आलं असं नसतंय बाबा. पाण्यालाबी वाट चालावी लागती."

आज मी छत्रपती संभाजीनगरात सर्व्हर सांभाळतो, आणि अण्णांचं ते वाक्य आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवतो.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. निर्वातात तीन लाख, काचेत दोन. म्हणजे एका मिलीसेकंदात 200 किलोमीटर. आमचा अख्खा डावा कालवा, पैठणच्या दरवाजापासून टेलच्या शेवटच्या चारीपर्यंत, प्रकाश जवळपास एका मिलीसेकंदात संपवतो. हे लक्षात आलं तेव्हापासून माझं माप ठरलेलं आहे: एक डावा कालवा, एक मिलीसेकंद.

(दृश्य: वाळूज एमआयडीसी. डिस्पॅचचं शेड, दाराशी उभा ट्रक.)

वाळूजच्या एका कारखान्यातून सुटे भाग अमेरिकेला जातात. त्यांचं ॲप चालतं मुंबईच्या क्लाऊड रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या भाड्याच्या सर्व्हरांवर. पेट्यांची नोंद मात्र खरेदीदाराच्या डेटाबेसमध्ये, आणि तो आहे व्हर्जिनियात. डिस्पॅचवरचा माणूस पेटीवर स्कॅनर धरतो. बीप. मग स्क्रीनवर गोल फिरत राहतं. तेवढ्या वेळात तो स्कॅनरची काच शर्टाच्या बाहीला पुसतो. आठव्या सेकंदाला माहिती येते. पुढची पेटी. बीप. पुन्हा बाही. दोनशे पेट्यांचा ट्रक भरायचा तर सव्वीस-सत्तावीस मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात.

सगळ्यांचं म्हणणं एकच: नेट स्लो आहे, प्लॅन वाढवा. वाढवला. आठ सेकंदांचे आठच राहिले. कालवा रुंद केला की पाणी जास्त मावतं, पण पैठण काही जवळ येत नाही.

अशा वेळी मी आधी कागद घेतो. मुंबई ते व्हर्जिनिया सरळ अंतर सुमारे 12,900 किलोमीटर, म्हणजे बासष्ट डावे कालवे. जायला 64-65 मिलीसेकंद, यायला तेवढेच. एका फेरीला 129. याच्या खाली जगातला कुठलाही इंजिनिअर हा आकडा तारेतून आणू शकत नाही. हे अंतराचं देणं आहे, ते चुकवावंच लागतं. तक्रार करायची ती त्याच्या वरच्या मिलीसेकंदांची.

(दृश्य: काळी स्क्रीन, एकाखाली एक सरकणाऱ्या ओळी.)

मग पिंग: दूरच्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर यायला किती मिलीसेकंद लागले ते मोजायचं. 1983 साली माइक मूस यांनी लिहिलेलं हे छोटंसं साधन अजून रोज हाताशी लागतं. एकदा मारून भागत नाही. मी पूर्ण दिवस चालू ठेवलं आणि दोन गोष्टी पाहिल्या: सगळ्यात कमी आकडा किती, आणि आकडा हलतो किती. कमीत कमी आकडा रस्त्याची लांबी सांगतो, वरचं डोलणं वाटेतली गर्दी सांगतं. आमचा आकडा 190. सकाळी 190, संध्याकाळी 191, रात्री दोन वाजता 190. म्हणजे गर्दी नव्हती.

मग 129 चे 190 कसे झाले? त्यासाठी एमटीआर लावलं, वाटेतला एकेक टप्पा दाखवणारं साधन. नेटवरची माहिती छोट्या पाकिटांतून जाते, आणि प्रत्येक पाकिटावर एक संख्या लिहिलेली असते. वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे पाकीट पुढं धाडणारं यंत्र, ती एकानं कमी करतो, आणि जिथं ती शून्य होते तो राउटर पाकीट टाकून देऊन "माझ्यापाशी संपलं" असा निरोप परत धाडतो. एक, दोन, तीन अशी संख्या वाढवत गेलं की वाटेतला एकेक नाका आपली हजेरी देतो.

सातव्या नाक्यावर साठ टक्के पाकिटं गहाळ. माझा सहकारी खुर्चीतून उठलाच, "सापडलं!" मी त्याला शेवटची ओळ वाचायला लावली. व्हर्जिनिया, शून्य टक्के. वाटेत खरंच पाकिटं गळत असती तर शेवटपर्यंत कमीच पोचली असती. तो राउटर पाकिटं पुढं नीट पाठवत होता, फक्त आपल्या चौकशीला उत्तर देण्याचं काम त्यानं मागं ठेवलं होतं. या लाल आकड्यापायी लोकांनी दिवसेंदिवस भांडणं केलेली मी पाहिली आहेत, म्हणून इथं थांबून सांगतोय.

खरी गोष्ट राउटरांच्या नावांत होती. एका नावात बीओएम, म्हणजे मुंबई. पुढच्यात एमआरएस, फ्रान्सचं मार्सेय. या दोन ओळींमध्ये आकडा तीनवरून एकदम शंभरापलीकडे. ती उडी म्हणजे समुद्र: अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्तची जमीन, मग भूमध्य. तिथून अटलांटिक. केबल नकाशावरच्या सरळ रेघेनं जात नाही, किनारे धरून वळसे घेते. हिशेब जुळला. 190 मध्ये बिघाड नव्हताच.

तर मग आठ सेकंद कुठं गेले?

(दृश्य: वहीचं पान, हातानं मांडलेला गुणाकार.)

ॲपचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. एक बीप झाली की ॲप डेटाबेसला आधी पेटी विचारायचं. उत्तर आलं की पेटीतला पहिला भाग. मग दुसरा. मग तिसरा. एकेक प्रश्न, आणि प्रत्येकासाठी व्हर्जिनियाची स्वतंत्र वारी. मोजले तर एकेचाळीस प्रश्न. 41 गुणिले 190: सात हजार सातशे नव्वद मिलीसेकंद. तेच ते आठ सेकंद.

ज्यानं हे लिहिलं त्याचा डेटाबेस लिहिताना त्याच्याच लॅपटॉपवर होता. तिथं एकेचाळीस फेऱ्यांना काहीच वेळ लागत नाही, म्हणून दिसलं नाही. मीही असंच लिहिलं असतं.

दुरुस्ती दोन दिवसांची. एकेचाळीस प्रश्नांचा एक प्रश्न केला, आणि दरवेळी नवं कनेक्शन जोडण्याऐवजी जोडलेलंच उघडं ठेवलं. नवं कनेक्शन म्हणजे कामाचा एक शब्द बोलण्याआधी टीसीपीच्या, म्हणजे दोन यंत्रांच्या जोडणीच्या, नमस्कारालाच एक फेरी, एन्क्रिप्शनला आणखी एक-दोन. स्क्रीन अर्ध्या सेकंदाच्या आत आली.

पिंगचा आकडा मात्र मी अजून रोज वहीत लिहितो. 6 सप्टेंबर 2025 ला तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या. मायक्रोसॉफ्टनं अझूर या आपल्या क्लाऊड सेवेच्या ग्राहकांना कळवलं की मध्यपूर्वेतून जाणारी वाहतूक मंदावेल. आमच्या वहीतही आकडा चढला. 190 ची रांग समोर होती, म्हणून पाच मिनिटांत कळलं की हे आपल्या घरचं नाही, वाट बदललीय. एकेचाळीस फेऱ्या असत्या तर ती वाढ एकेचाळीस वेळा मोजावी लागली असती.

(दृश्य: वाळूज, डिस्पॅच. तोच माणूस.)

मी त्याला फोन करून विचारलं, काही जाणवतंय का. "कशाचं?" म्हणाला. मागं बीप ऐकू आली, लगेच दुसरी.