फेस एक, आंबट दुसरंच

[दृश्य: सोड्याची गाडी. शेजारी शेजारी दोन ग्लास. एकात साधा सोडा, दुसऱ्यात कोला.]

फेस दोन्ही ग्लासांत सारखाच. पण सामू (pH, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा) मोजला तर साधा सोडा चार ते पाचच्या दरम्यान भरतो आणि कोला अडीचच्या आसपास. सामू एका आकड्याने उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे हा कोला सोड्याच्या निदान तीसपट आम्लधर्मी.

तरी दात झिजण्याचा दोष बुडबुड्यांच्याच माथी मारला जातो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून तयार होणारं आम्ल अगदीच सौम्य. खरा आंबटपणा वरून घातलेला असतो: कोलात फॉस्फरिक आम्ल, लिंबू-संत्र्याच्या चवीच्या पेयांत सायट्रिक. जिभेला तो फारसा कळत नाही, कारण ३०० मिलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते. गाडीवरचा लिंबूसोडाही यातून सुटत नाही बरं का! लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच.

[दृश्य: दातांचं जवळून चित्रण.]

इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण दातावरचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला, की त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. या पुढच्या दातांच्या कडा पाहा, पातळ होऊन आरपार दिसू लागल्यात. दाढेवर खळगे पडलेत आणि पूर्वी भरलेली चांदी भोवतीच्या दातापेक्षा उंच दिसतेय. चांदी होती तेवढीच आहे. झिजलाय तो दात. आणि झिजलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही.

त्यात साखरेचा मारा वेगळा. दातांवरच्या थरातले जिवाणू ती खातात आणि स्वतः आम्ल तयार करतात. अमेरिकेतले दंतसंशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच सामू घसरतो, आणि पूर्वपदावर यायला अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त लागतो. डाएट पेयात हा मारा टळतो. आम्लाचा थेट मारा मात्र तसाच राहतो.

[दृश्य: संगणकासमोर बसलेला तरुण, हाताशी बाटली.]

सामू सावरायचं काम लाळेचं. जेवणासोबत एक ग्लास घेतला तर ती निभावून नेते. पण तीच बाटली दुपारभर घोट घोट पुरवली, की प्रत्येक घोटाला घड्याळ पुन्हा शून्यावर. मला विचाराल तर मोठ्या बाटलीपेक्षा ही सवय जास्त घातक. क्रिकेट खेळून घसा कोरडा पडलेला असतो तेव्हा, किंवा रात्री झोपताना, लाळही कमीच असते. नेमकं तेव्हाच गार कोलाची आठवण येते.

पिऊन झाल्यावर लगेच ब्रश मात्र करू नका. आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल घासल्यावर निघून येतं. आधी साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश तासाभराने, फ्लोराइडच्या टूथपेस्टने.