एका व्याख्यानाने काम होत नाही : शाळेत बातमी तपासायला शिकवताना

नमस्कार. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे एक चित्र न चुकता आपल्या फोनवर येते. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या आणि लाल दिव्यांचा सडा, आणि खाली मोठ्या अभिमानाने लिहिलेली ओळ : ‘दिवाळीच्या रात्री नासाने अवकाशातून टिपलेला भारत’. आठवी-नववीच्या मुलांना बातमी तपासायला शिकवू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी पहिला तास याच चित्रावर घ्यावा, असे मी सुचवेन. हा विषय शाळेत कसा शिकवला तर टिकतो आणि कसा शिकवला तर वाया जातो, याचा काही पुरावा आता आपल्याच देशात उपलब्ध आहे. त्याबद्दलही बोलायचे आहे.

[पडद्यावर : रंगीत दिव्यांचे चित्र]

हे चित्र बनावट नाही. अमेरिकेतील ‘नोआ’ या समुद्र आणि हवामानविषयक सरकारी संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते तयार केले. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ चे आणि लाल २००३ चे. म्हणजे हा वाढत गेलेल्या वस्तीचा नकाशा आहे, एका रात्रीचे छायाचित्र नव्हेच. पुढे नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचे, दिवाळीच्या दिवसांतले दक्षिण आशियाचे खरेखुरे उपग्रहचित्र प्रसिद्ध केले, आणि दिवाळीत वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो जाणवतही नाही, असे सोबत स्पष्ट केले. तरीही जुने चित्र फिरायचे थांबलेले नाही.

वर्गात हे चित्र दाखवून ‘खरे की खोटे?’ एवढेच विचारले, तर मुले हात वर करतात, कौल घेतल्यासारखे होते आणि तास तिथेच संपतो. त्याऐवजी हे कोणी तयार केले, केव्हा केले आणि इतर लोक याबद्दल काय सांगतात, असे विचारावे. मग शिक्षकांनी स्वतःच्या फोनवर गूगल लेन्स, म्हणजे चित्रावरून शोध घेणारी सोय, उघडून ते चित्र शोधावे आणि आलेली यादी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. यादीत तीच चुकीची ओळ मिरवणारी पानेही हमखास सापडतात, आणि इथेच खरा पाठ सुरू होतो. पहिले पान म्हणजे उत्तर नव्हे, दहा ठिकाणी एकच वाक्य दिसले म्हणजे दहा पुरावे झाले असेही नव्हे, आणि मूळ कर्त्यापर्यंत किंवा निदान सर्वांत जुन्या नोंदीपर्यंत मागे जावे लागते, हे मुलांना सांगावे लागत नाही. ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडते. प्रोजेक्टर नसेल तर छापील कागद आणि एक फोन पुरतो.

आपल्याकडे या विषयावर जे मार्गदर्शन होते, त्यात बहुधा शुद्धलेखनाच्या चुका पाहा, संकेतस्थळाचा पत्ता पाहा, ‘आमच्याविषयी’ हे पान वाचा, अशा सूचना असतात. त्या चुकीच्या नसल्या तरी तोकड्या आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांच्यापुढे बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे ठेवली. एक संघटना मोठी आणि सर्वमान्य होती, दुसरी तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट होता. पण दिसायला दोन्ही संकेतस्थळे तितकीच भारदस्त होती. विद्यार्थी आणि कित्येक इतिहासकारही त्या पानावरच रेंगाळले, त्याची मांडणी आणि संदर्भ न्याहाळत बसले आणि फसले. तपासनीस मात्र काही क्षणांत त्या पानाबाहेर पडले, नव्या टॅबमध्ये संघटनेचे नाव टाकून इतरांनी तिच्याविषयी काय लिहिले आहे ते पाहिले आणि मगच परत आले. विद्वान माणसे बारकाईने वाचतात, हाच त्यांचा गुण इथे आडवा आला. एखादे स्थळ आले की आपण मुलाकडच्यांना न विचारता गावात चौकशी करतो; तपासनीस तेच करतात.

[पडद्यावर : बिहारचा नकाशा]

आता मुख्य मुद्दा. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमधील गया येथे बाराशेहून अधिक प्रौढांवर एक प्रयोग केला. घरी जाऊन सुमारे तासभर, चित्रावरून त्याचे मूळ शोधण्यासारख्या युक्त्या शिकवल्या गेल्या. एकूण परिणाम जवळजवळ शून्य होता. त्यातही भाजपशी स्वतःची ओळख जोडणाऱ्यांमध्ये, पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता प्रशिक्षणानंतर उलट घटलेली आढळली. आपल्या बाजूची बातमी आली की माणूस तपासनीस राहत नाही, वकील होतो, आणि तासाभराच्या शिकवणीने ही सवय सुटत नाही.

पुढे त्याच राज्यात बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी यंत्रणेच्या मदतीने दुसरा प्रयोग केला. या वेळी समोर शाळकरी मुले होती : ५८३ गावांतील १३,५०० हून अधिक. शिकवणे चौदा आठवड्यांवर पसरलेले होते आणि भर राजकारणावर नसून आरोग्याविषयीच्या अफवांवर होता. शिकलेली मुले खरे आणि खोटे वेगळे करण्यात स्पष्टपणे सरस ठरली. चार महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हाही फरक टिकून होता आणि तो राजकीय अफवांपर्यंतही पोहोचला होता, ज्यांच्यावर मुळात भर नव्हता.

म्हणून आपल्या शाळांमध्ये एखाद्या दिवशी पाहुणे बोलावून, हारतुरे देऊन ‘खोट्या बातम्यांपासून सावधान’ या विषयावर जे व्याख्यान ठेवले जाते, त्याच्याविषयी माझे मत फारसे बरे नाही. त्याऐवजी दर आठवड्याला मराठीच्या किंवा इतिहासाच्या तासातली पंधरा-वीस मिनिटे काढावीत आणि एका वेळी एकच उदाहरण घ्यावे. सुरुवात दिवाळीच्या चित्रासारख्या किंवा घरगुती औषधांच्या संदेशासारख्या गोष्टींपासून करावी, कारण त्यात कोणाचा पक्ष, जात किंवा धर्म पणाला लागलेला नसतो. उदाहरणांत खऱ्या बातम्याही तितक्याच असाव्यात. नाही तर मुले ‘सगळेच खोटे असते’ एवढे एकच शिकून बाहेर पडतात, आणि ते अज्ञानापेक्षा बरे नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे त्यांतल्या माणसांच्या हाताची बोटे मोजून ओळखण्यासारख्या युक्त्यांवर फार वेळ घालवू नये. त्या दर काही महिन्यांनी निकामी होतात. चित्र कुठून आले, ही चौकशी मात्र जुनी होत नाही.

सवय थोडी बसली, की नववी-दहावीच्या मुलांपुढे जड उदाहरण ठेवता येते. २०१८ मध्ये मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा देशभर पसरल्या, तेव्हा एक चित्रफीत फिरत होती : गल्लीत क्रिकेट खेळणारी मुले, मोटारसायकलवरून आलेले दोघे, आणि क्षणात उचललेला मुलगा. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. मूळ फितीत मोटारसायकल परत येते, मुलाला सुखरूप उतरवले जाते आणि स्वार संदेशाचा फलक दाखवतो. फिरणाऱ्या फितीत तो शेवट कापलेला होता. त्याच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. वर्गात आधी कापलेली फीत दाखवावी, मग मूळ फीत, आणि कुठे कापले ते मुलांनाच शोधू द्यावे. राईनपाड्याविषयी बोलताना हिंसेची दृश्ये मात्र अजिबात दाखवू नयेत.

बिहारच्या दुसऱ्या प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली : मुलांना शिकवले, आणि त्यांचे पालकही खरे-खोटे ओळखण्यात सुधारले. आपल्याकडे याचा विचार करताना घरातली रीतभात लक्षात घ्यावी लागेल. घराण्याच्या ग्रुपवर आजोबांनी टाकलेल्या संदेशाखाली नातवाने ‘हे खोटे आहे’ असे चारचौघांत लिहिले, तर संदेश राहतो बाजूला आणि उद्धटपणाचीच चर्चा होते. तेव्हा गृहपाठच असा द्यावा : घरातल्या मोठ्या माणसाला आलेला एक संदेश त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच फोनवर, त्यांच्यासोबत शोधायचा, काय सापडले ते वहीत लिहायचे, आणि संदेश खरा निघाला, तर तेही तसेच नोंदवायचे.