धरण आटलं तरी वंश राहावा म्हणून

(दृश्य: मांजरा धरणाचा भेगाळलेला तळ)

२०१६ चा एप्रिल. मिरजेहून पाण्याच्या वाघिणी घेऊन रेल्वे लातूरला आली आणि ती बातमी देशभर गेली. ज्या मांजरा धरणावर लातूरची तहान भागायची, त्याचा तळ उघडा पडला होता. माणसांसाठी गाडी आली, जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या. धरणातल्या माशांचं काय झालं, हे विचारायला त्या दिवसांत कुणाला उसंत नव्हती.

पाऊस होतो, धरण पुन्हा भरतं, मत्स्यबीज सोडलं जातं. रोहू, कटला, मृगळ. बोटुकली पाण्यात पडली की पुढे जाळ्यात मासा येतो आणि भोयांची घरं चालतात. पण वाम, मरळ, महाशीर यांचं बीज सहसा असं पिशव्या भरून येत नाही. आपल्या नद्यांच्या उन्हाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या तगलेला वंश एका कोरड्या वर्षात संपला, तर तो कुठल्याच मत्स्यबीज केंद्रातून विकत आणता येणार नाही.

मग तो साठवून ठेवता येईल का?

(दृश्य: द्रव नायट्रोजनची टाकी, झाकण उघडताना)

नराच्या बाजूने उत्तर आहे. माशाचं वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या याच तंत्राने गावोगावी पोचतात. अडतं ते गाबोळीपाशी. माशाचं अंडं मोठं, बलकाने भरलेलं, आणि गोठताना पेशीला वाचवणारं द्रव्य त्याच्या आवरणातून पुरेसं आत शिरत नाही. बर्फाचे स्फटिक होतात आणि अंडं आतून फाटतं. किलोभर वजनाच्या रोहूच्या पोटात २ लाखांच्या आसपास अंडी असतात. त्यातलं एकही गोठवून पुढच्या दुष्काळापलीकडे नेणं जमत नाही.

टोकियोचे संशोधक गोरो योशिझाकी यांनी वेगळी वाट काढली. अंड्याच्या मागे न लागता ज्या मूळ जननपेशींपासून अंडी आणि शुक्राणू होतात, त्याच घ्यायच्या. २००४ मध्ये त्यांच्या गटाने ट्राउटच्या अशा पेशी सॅल्मनच्या इवल्या पिलांच्या पोटात सोडल्या. पेशी आपणहून जननग्रंथीकडे सरकल्या, तिथे रुजल्या, आणि मोठ्या झालेल्या सॅल्मनपासून ट्राउटची पिलं मिळाली. २०१३ मध्ये तर अख्खं गोठवलेलं वृषण वितळवून त्यातल्या पेशींपासून शुक्राणूही मिळाले आणि अंडीही. पेशी नराच्या वृषणातली, पण मादीच्या पोटात गेल्यावर तिचं अंडं झालं! पेशी पुढे काय होणार, हे तिच्या शेजारावर इतकं अवलंबून असतं.

या पेशी माशाच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवायच्या, तर तिथे नेमका शेजारच नसतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली माशाच्या वृषणाचा छेद)

माशाच्या वृषणात सर्टोली पेशी जननपेशींच्या एकेका गटाला चहूबाजूंनी वेढून बसतात. त्या अन्न पुरवतात, संदेश देतात. सपाट प्लास्टिकवर हे वेढणं होतच नाही. पेशी तळाला चिकटून पसरतात. म्हणून त्यांना लांबी, रुंदी आणि उंची असलेली जागा द्यावी लागते, सच्छिद्र, मऊ, अन्नद्रव आरपार जाऊ देणारी. या कृत्रिम आधाराला स्कॅफोल्ड म्हणतात.

आधार भारी यंत्रातूनच निघावा असं नाही, हे मला या सगळ्या विषयात फार मोलाचं वाटतं. १९९१ मध्ये ताकेशी मिउरा आणि सहकाऱ्यांनी जपानी ईलच्या वृषणाचे तुकडे पोषक द्रवावर तरंगत ठेवले. तराफा होता एल्डर नावाच्या झुडपाच्या भेंडाचा. आपल्याकडे लग्नातली बाशिंगं ज्या भेंडाची करतात, तसंच ते हलकं आणि सच्छिद्र. त्यावर पातळ पडदा, पडद्यावर ऊतीचा तुकडा, आणि द्रवात योग्य संप्रेरक. बंदिस्त पाळलेल्या नर ईलचं वृषण कोवळंच राहतं. त्या कोवळ्या तुकड्यात, माशाच्या शरीराबाहेर, शुक्राणू तयार होण्याचे सगळे टप्पे पार पडले. (आपली वाम दिसायला ईलसारखी असली तरी तिचं कूळ वेगळं आहे.)

आधाराचा आकारही बोलतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जिलेटिनचे धागे एकावर एक छापून उंदरासाठी अंडाशय तयार केलं. धागे काटकोनात होते तेव्हा अंडपुटिका, म्हणजे अंडं आणि त्याला वेढणाऱ्या पेशी, कमी तगल्या. ३० आणि ६० अंशांच्या तिरक्या मांडणीत त्यांना जास्त बाजूंनी आधार मिळाला आणि त्या जगल्या. ते अंडाशय बसवलेल्या उंदरांना पिलं झाली.

माशाच्या अंडाशयासाठी एवढ्याने भागणार नाही. गाबोळीतला बलक अंड्यात जन्मत नाही. त्याचं प्रथिन यकृतात तयार होतं आणि रक्तातून अंड्यापर्यंत येतं. बशीत यकृतही नाही आणि रक्तही नाही. म्हणजे जाळीतून बारीक वाहिन्या काढून तो पुरवठा बाहेरून करावा लागेल. जवळजवळ पूर्ण वाढलेली झेब्राफिशची अंडी बशीत पक्व करून त्यांतून पिलं मिळाली आहेत. अगदी कोवळ्या पेशीपासून तिथवर पोचणं ही खरी लांबची मजल.

(दृश्य: मासळी बाजार, सुरीखाली उडणारे रोहूचे खवले)

आता हे खवले बघा. बाजार उठला की ते झाडून टाकले जातात. त्यांच्यात कोलॅजन असतं, शरीर स्वतः पेशींना आधार द्यायला वापरतं तेच प्रथिन. खवले धुवायचे, त्यातले क्षार काढायचे, थंड ठेवून सौम्य आम्लात कोलॅजन विरघळवायचं, मग गोठवून निर्वातात सुकवायचं. बर्फाचे कण जिथे होते तिथे छिद्रं राहतात. सावकाश गोठवलं तर छिद्रं मोठी, झपाट्याने गोठवलं तर बारीक.

माशांच्या कोलॅजनवर एक आक्षेप नेहमी येतो: ते उष्णतेने लवकर मोडतं. माणसाच्या पेशी ३७ अंशांवर वाढवतात, तिथे ही अडचण खरी आहे. पण रोहूसारख्या आपल्या माशांच्या पेशी २५ ते २८ अंशांवर वाढतात, आणि उष्ण पाण्यातल्या माशाचं कोलॅजन थंड समुद्रातल्या कॉडपेक्षा बरंच जास्त तापमान सोसतं. माशाच्या पेशींना माशाचाच आधार द्यायला इथे हरकत नाही.

देशात पाया आहे. भुवनेश्वरच्या संशोधकांनी रोहूच्या वृषणातल्या मूळ पेशी वेगळ्या करून वाढवल्या आहेत, आणि लखनौला माशांच्या पेशीवंशांचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचं, राष्ट्रीय भांडार आहे. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. मराठवाडा विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग नाथसागरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. हे काम इथे व्हावं, इथल्या माशांवर व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: नाथसागर, थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार)

नमुने गोळा करायचे तर पावसाळ्यात नकोत. विणीच्या दिवसांत वृषण तयार शुक्राणूंनी गच्च भरलेलं असतं. हंगाम सरल्यावर, हिवाळ्यात, त्यात मूळ पेशींचं प्रमाण जास्त मिळतं. सुरुवात मरळीपासून करता येईल. ती हवेतून श्वास घेते, त्यामुळे बाजारातही जिवंत मिळते, आणि पेशी ताज्या हाती येतात. त्यासाठी मच्छीमार संस्थांशी आधी बोलावं लागेल, कारण कुठल्या डोहात मरळ अजून टिकून आहे, हे त्यांनाच ठाऊक आहे.