कुंडीतली शेवंतीची आईझाडं

[दृश्य: रात्र. शेडनेटखाली टांगलेले पिवळे बल्ब एकामागोमाग एक लागतात. खाली कुंड्यांच्या रांगा.]

रात्रीचे दहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या वस्तीवर जेवणं उरकलीत, आणि शेवंतीच्या डोक्यावर आत्ता कुठे दिवे लागलेत. ते दोन वाजेपर्यंत चालू राहतील. रोज रात्री, जानेवारीच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत.

हा मार्च आहे. दिवस अजून बारा तासांचा. शेवंती रात्र मोजते. रात्र लांबली की ती पानं सोडून कळीच्या मागे लागते. शेतात कार्तिकात हेच तर हवं असतं. पण या कुंड्यांना फूल धरू द्यायचं नाहीये. यांच्याकडून हवेत फक्त शेंडे: कोवळे, पानांनी भरलेले, कलमाला लावले की मुळं धरणारे. म्हणून रात्रीचे मधोमध दोन तुकडे करायचे. चार तास उजेड दिला की झाडाच्या लेखी ती लांब रात्र राहत नाही.

[दृश्य: एका कुंडीचा क्लोजअप. वीतभर उंचीचं झाड, बुंध्याशी लाकडासारखं खोड, वर पोपटी फूट.]

हे झाड वीतभर उंच आहे. खोड करंगळीएवढं जाड. कुंडी सहा इंची. हे झिपरी या वाणाचं आईझाड. नर्सरीवाले याला मदर म्हणतात. शेजारच्या रांगेत राजा, त्यापलीकडे सोनाली तारा. यांच्यावर फूल येत नाही, बाजारात यांना किंमत नाही, पण पुढच्या दसऱ्याचा सगळा मळा यांच्यातून निघणार आहे.

[दृश्य: सकाळ. मावशी कुंड्यांमधून वाकून चालताहेत.]

अकोळनेर, चास, कामरगाव हा सगळा पट्टा फुलांचा. नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार, लग्नसराई: पुण्याच्या गुलटेकडीला आणि मुंबईत दादरला इथून फूल जातं. आणि हा पट्टा पावसाच्या सावलीतला. जुनी रीत अशी, की तोडणी संपली की झाडं जमिनीलगत छाटायची, पाणी देत राहायचं, बुडातून काश्या फुटल्या की उन्हाळा सरताना त्या उपटून नव्या रानात लावायच्या. पद्धत चांगलीच आहे, फक्त तिला फेब्रुवारी ते मे रानभर पाणी लागतं. 1972, 2012, 2018 या दुष्काळांत इथे प्यायचं पाणी टँकरने आलं. काश्यांना कुठलं मिळणार?

शंभर कुंड्यांना मात्र भर उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन हंडे पुरतात.

[दृश्य: हंड्यातून तांब्याने एकेका कुंडीच्या मातीत पाणी. पानांवर थेंब पडू न देण्याची काळजी.]

पाणी सकाळीच, आणि ते मातीत. पानावर पाणी साचलं की ठिपके येतात, तांबेरा येतो. मावशी दर कुंडीत बोट खुपसून बघतात. वरचं पेरभर कोरडं झालं असेल तरच तांब्या वाकतो.

[दृश्य: जानेवारीतलं चित्रण. कुंडी पालथी, हातात मुळांचा गोल गड्डा.]

आता हे बघा. जानेवारीच्या अखेरीचं काम आहे हे, आणि आमच्या मते या सगळ्या खटाटोपाचा कणा.

कुंडी पालथी करून बुडावर थाप मारली की गड्डा अख्खा बाहेर येतो. बाहेरच्या अंगाला मुळंच मुळं, कुंडीच्या भिंतीला धरून गोल गोल फिरलेली. आत माती दिसतच नाही. अशा कुंडीत पाणी टिकत नाही, ओतलं की कडेने निघून जातं. नवं बारीक मूळ फुटायला जागा नसते, आणि पाणी-अन्न ओढण्याचं खरं काम तर त्या बारीक मुळांचंच. शिवाय मुळांच्या टोकांशी सायटोकायनिन नावाचं संप्रेरक तयार होतं. वरच्या डोळ्यांना फुटायला तेच लावतं. मुळं म्हातारी झाली की वरची फूट आपोआप मंदावते.

[दृश्य: बांबूच्या काडीने मुळं विंचरणं. मग कात्री. कापलेली मुळं गोणपाटावर पडतात.]

बांबूच्या काडीने गड्डा बाहेरून आत विंचरायचा. मुळं मोकळी लोंबू लागली की कडेचा आणि तळाचा मिळून तिसरा हिस्सा कापून टाकायचा. काळं पडलेलं, बोटांत दाबलं की साल सुटणारं मूळ दिसलं तर ते थेट निरोगी भागापर्यंत काढायचं. बोन्साय करणारे वडाला, पिंपळाला हेच करतात. कुंडी तीच ठेवायची आणि झाड आतून तरुण करायचं.

मुळं कापली त्या हिशेबाने वरचंही उतरवायचं. चार बोटं खोड ठेवून बाकी सगळं छाटलं. तसं केलं नाही तर उरलेल्या थोड्या मुळांना सगळ्या पानांची तहान भागवावी लागते, आणि झाड दोन दिवसांत मान टाकतं.

[दृश्य: घमेल्यात मिश्रण कालवणं.]

नव्या मिश्रणात पोयटा, कोकोपीट, गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा. झाड पुन्हा त्याच कुंडीत बसलं. मग आठ-दहा दिवस दाट सावली, आणि या दिवसांत खत अजिबात नाही. जखमी मुळांना खताचं पाणी सोसत नाही. बुडातून पहिले पोपटी डोळे दिसले की झाड सावरलं असं समजायचं.

[दृश्य: टाइमलॅप्स. ठेंगण्या खोडावर फूट वाढते.]

फूट बोटभर झाली की शेंडा खुडायचा. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो गेला की खालून दोन-तीन फुटवे येतात. ते वाढले की त्यांचेही शेंडे, पण हे खुडलेले शेंडे म्हणजेच आपली कलमं. अशा रीतीने झाड वीतभरच राहतं आणि माथा मात्र दाट होत जातो. मधली गर्दी मावशी बोटांनीच काढतात, हवा खेळली पाहिजे म्हणून. तिथेच मावा बसतो, तिथेच लाल कोळी.

खत थोडं आणि नेमाने. आठवड्याला 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), लिटरला ग्रॅमभर, मधून जीवामृत. नत्र जास्त झालं की फूट लुसलुशीत दिसते, पण तसलं कलम ट्रेमध्ये सडतं. कमी पडलं की फूट बारीक राहते आणि लवकर लाकूड धरते, त्याला मुळं फुटायला वेळ लागतो. दोन्हींच्या मधलं ते बोटांना कळतं. शेंडा वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. लवला तर जून झाला.

[दृश्य: मावशी आणि सून समोरासमोर. मावशी एक शेंडा मोडून दाखवतात.
मावशींचा आवाज: "हा बघ सूनबाई, मोडला. आता हा बघ, नुसता वाकतोय. हा राहू दे."
सुनेचा आवाज: "मग आत्या, याचं काय करायचं?"
मावशी: "खालून दोन पानं सोडून छाट. नवा येईल."]

ही खालची दोन-तीन पानं फार महत्त्वाची. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, पुढच्या खेपेची कलमं तिथून येणार. हावरेपणाने बुडापर्यंत कापलं तर आईझाड महिनाभर मागे जातं.

[दृश्य: कलमांची तयारी. हातांचे क्लोजअप.]

कलम पाच ते सात सेंटीमीटरचं. खालची पानं काढलेली, टोक रूटिंग पावडरीत टेकवून झटकलेलं, आणि लगेच ओल्या कोकोपीटच्या ट्रेमध्ये. आदल्या संध्याकाळी आईझाडाला पोटभर पाणी दिलेलं असतं, आणि कापणी ऊन चढायच्या आत संपते. साधारण पंधरा दिवसांत मुळं दिसतात. ट्रेसुद्धा त्याच दिव्यांखाली असतात. नाहीतर बोटभर रोपाला ट्रेमध्येच कळी येते.

शंभर कुंड्या, दर खेपेला कुंडीमागे पाच कलमं, हंगामात चार खेपा: दोन हजार रोपं झाली. 60 बाय 30 सेंटीमीटर अंतराने एकराला सुमारे 22 हजार रोपं लागतात, म्हणजे एवढ्यावर साडेतीन गुंठे होतात. एकर लावायचं तर पहिल्या खेपेची रोपं विकायची किंवा रानात लावायची नाहीत. त्यांचेच शेंडे खुडून पुढची कलमं करायची.

[दृश्य: दोन ब्लेड. एक पाण्यासारख्या द्रावणात, एक हातात.]

इथे कॅमेरा थोडा थांबवलाय. प्रत्येक कुंडीनंतर ब्लेड बदलतंय, ते बघा.

शेवंतीला एक रोग आहे, झाड खुजं करणारा. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या नर्सऱ्यांमधून तो पसरला. पुढे कळलं, की त्याचं कारण व्हायरॉइड आहे: विषाणूहून कितीतरी लहान, साधारण साडेतीनशे अक्षरांचा आरएनएचा उघडा तुकडा. त्यावर औषध नाही. झाड ठेंगू होतं, फूल लहान येतं, आणि लागण झाल्यावर लक्षण दिसायला काही महिने जातात. तोवर त्या आईझाडाची शेकडो लेकरं रानात गेलेली असतात. पसरतो तो रसातून, म्हणजे हातातून आणि पात्यातून. स्पिरिटने पुसून भागत नाही. फरशीला वापरतो ते ब्लीच, एक भागाला नऊ भाग पाणी, रोज ताजं. एक पातं काम करतं तेव्हा दुसरं बुडालेलं. वापरण्याआधी साध्या पाण्यात विसळायचं. शंका आली ती कुंडी त्याच दिवशी रांगेतून बाहेर. तिचं झाड जाळायचं, कंपोस्टमध्ये टाकायचं नाही.

बाहेरून आणलेली स्वस्त रोपं लावून मळे बसलेले लोक याच पट्ट्यात भेटतात.

[दृश्य: पुन्हा रात्र. दिव्याखाली लक्समीटर.]

दिव्यांचं शास्त्र शंभर वर्षांचं आहे. 1920 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखूच्या एका जातीवर दाखवून दिलं, की फुलण्याची वेळ दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरते. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानटी तणावर प्रयोग केला, आणि निर्णायक असते ती सलग अंधाराची लांबी, हे समोर आलं. मध्यरात्रीचा थोडा उजेड पुरतो, तो त्यामुळे. पानाच्या उंचीवर शंभर लक्सच्या आसपास म्हणजे अगदी मंद प्रकाश. पिवळसर एलईडी चालतो.

वीज गावठाणाच्या लाइनीवरून घेतलीय. शेतीच्या लाइनीला रात्रीचा भरवसा नाही. एखादी रात्र दिवे गेले तर फार बिघडत नाही. सलग रात्री गेल्या तर कळ्या दिसू लागतात, मग ते शेंडे खुडून टाकायचे आणि ती खेप सोडून द्यायची.

शेवंतीसारखी रात्र लांबली की फुलणारी जी झाडं असतात, त्यांना ही युक्ती जगभर लागू पडते. युगांडासारख्या देशांत युरोपच्या बाजारासाठी शेवंतीची आईझाडं अशीच दिव्यांखाली सांभाळतात. कॅनडात 2018 पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार गांजाची झाडं कायद्याने ठेवता येतात, जर्मनीत 2024 पासून प्रौढ माणसाला तीन. तिथले हौशी लोक गांजाचं आईझाड असंच लहान कुंडीत, मुळं छाटून, बोन्सायसारखं ठेवतात. त्यांनाही एका व्हायरॉइडची हीच धास्ती आहे. आपल्याकडे 1985 च्या कायद्याने परवानगीशिवाय ती लागवड गुन्हा आहे. शेवंतीला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, आणि तरीही आपले शेतकरी दरवर्षी रोपं विकतच आणतात, याची आम्हाला खंत वाटते.

[दृश्य: नोव्हेंबर. फुललेलं रान, पिवळ्याधमक रांगा. काही झाडांना तांबडी दोरी.]

आईझाड ठरतं ते इथे, ऐन फुलात. तोडणीला माणसं लागलेली असतात तेव्हा मावशी वेगळ्या फिरतात, तांबडी दोरी घेऊन. रंग एकसारखा, फूल घट्ट, फुटवे भरपूर, आणि शेजारची चारही झाडं निरोगी, असं झाड दिसलं की बुडाशी गाठ. सगळ्यात मोठं फूल दिसलं म्हणून गाठ पडत नाही. तोडलेली फुलं टोपलीत ठेवून दोन दिवसांनी पुन्हा बघतात, जी काळवंडली त्यांच्या झाडाची दोरी सुटते. एका फांदीवर वेगळाच रंग आला असेल तर ती फांदी बाजूला. शेवंतीत असे बदल आपसूक होतात, आणि नवं वाण त्यातूनही मिळतं.

एका वाणाची निदान पाच वेगवेगळी आईझाडं धरतात, एकाला रोग लागला तर वाण बुडायला नको. दुसऱ्या वर्षानंतर जुनी काढून याच दोरीवाल्यांच्या काश्या त्यांच्या कुंड्यांत जातात.

[दृश्य: टेम्पोत कुंड्या चढवणं. प्रत्येकीला पत्र्याची पट्टी, त्यावर वाणाचं नाव आणि साल.]

यंदा झिपरीच्या काही कुंड्या पलीकडच्या वस्तीवर निघाल्यात. पैसे घेतलेले नाहीत. बोली एवढीच झालीय, की तिकडे त्या जगवायच्या, ब्लेड ब्लीचमध्ये बुडवायचं, आणि इकडची झिपरी कधी गेलीच तर पाच कुंड्या परत द्यायच्या. रेवडी हे शेवंतीचं वाण आता या वस्तीवर उरलं नाही. ते ज्यांच्याकडे अजून फुलतं, त्यांच्याकडे मावशी येत्या जानेवारीत दोन आईझाडं मागणार आहेत.