उचल फिटेपर्यंत

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘टोळ्यांचं जग आणि वस्तीचा उद्धार: गुन्हेकथेच्या वाटा’. मी तो दोन शब्दांवर आणून ठेवतो. एक टोळी, दुसरा उचल.

शहरी कादंबरीत टोळी म्हटलं की पाठोपाठ पिस्तूल येतं. बीड जिल्ह्यात, धारूर-वडवणीत, पाटोदा-शिरूरकडे टोळी म्हणजे आधी ऊसतोडीची टोळी. ‘यंदा टोळी कोणत्या कारखान्यावर?’ हा दसऱ्याच्या आसपासचा साधा प्रश्न असतो. तसाच कोयता. पुण्याची वर्तमानपत्रं ‘कोयता गँग’ लिहितात तेव्हा त्यांना हत्यार दिसतं. इथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, ‘माझ्याकडं पंधरा कोयते आहेत’ म्हणतो ती तीस माणसं असतात. मराठवाड्यातली गुन्हेकथा लिहायला बसणाऱ्यानं हे दोन अर्थ शेजारी ठेवावेत, निम्मी कादंबरी तिथंच हाताशी येते.

दुसरा शब्द उचल. कारखान्यावर जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ती उचल. पोलीस पोराला गाडीत घालतात, तेही उचलणंच. आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं व्यासपीठावरून समाजाला वर उचलायला निघतात, तेव्हाही क्रियापद तेच. लेखकाला भाषेनं इतकं फुकट क्वचित दिलं असेल.

आता हिशोब करू, कारण टोळीची कादंबरी हिशोबावर उभी राहते किंवा पडते. समजा एका कोयत्यानं 1 लाख रुपये उचल घेतली. जोडी दिवसाला दोन टन तोडते. जानेवारी 2024 मध्ये दरात 34 टक्के वाढ झाली, त्यानंतरचा तोडणीचा दर टनाला साधारण 366 रुपये धरा. दिवसाचे 732 झाले. लाख फिटायला 137 दिवस लागतात, तेही एक दिवस ताप न येता, गाडी न अडता, पाऊस न पडता. हंगाम 110 दिवसांत आटोपला तर फिटतात साडेऐंशी हजार. साडेएकोणीस हजार अंगावर राहतात, आणि मधल्या किराण्यापोटी घेतलेले पैसे यात धरलेलेच नाहीत. बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते. तुमच्या कादंबरीतला पोरगा गुन्ह्याकडं का वळला, याचं कारण लिहिताना बाप दारुडा दाखवू नका. हे साडेएकोणीस हजार दाखवा.

हाच सांगाडा गुन्हेगारी टोळीतही सापडतो. गोदाकाठचा गेवराई किंवा माजलगाव तालुका घ्या, धंदा वाळूचा घ्या. ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर मावते, हायवा डंपरात चार-पाच. नदीचं पात्र कोरडं असेल तर माणसं फावड्यानं भरतात. पाणी असेल तर केनी लावतात, म्हणजे ट्रॅक्टरच्या जोरावर दोरखंडानं ओढलं जाणारं लोखंडी सुपडं. पाणी खोल असेल तर सक्शन पंपाची बोट. सूर्यास्तानंतर कायद्यानं उपसा करता येत नाही, म्हणून हा सगळा चोरीचा उद्योग रात्रीचा. या साखळीत सगळ्यात स्वस्त माणूस म्हणजे ‘लोकेशन’ देणारा. तहसीलच्या फाटकासमोर टपरीवर बसायचं, साहेबांची गाडी निघाली की ग्रुपवर टाकायचं. सतरा-अठरा वर्षांचं पोर, हातात मोबाइल, अंगावर एकही गुन्हा नाही. कादंबरी इथून सुरू करा. पहिल्या पानावर मुडदा पाडायची घाई नको.

मग पोराची बढती होते. भाऊ, म्हणजे टोळीचा म्होरक्या, म्हणतो, ‘तुझ्या नावानं ट्रॅक्टर घेऊ.’ डाउन पेमेंट भाऊचं, फायनान्सचे कागद पोराच्या नावाचे, आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, पोराच्या नावाची. वस्तीत नारळ फुटतो, आई ट्रॅक्टरच्या बोनटाला हळदकुंकू लावते. आणि एका रात्री मंडळ अधिकारी ट्रॅक्टर पकडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 48: पोटकलम 7 खाली वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, पोटकलम 8 खाली वाहन जप्त. सोडवायला ट्रॅक्टरला वेगळे 1 लाख, डंपरला 2 लाख. पंचनाम्यावर नाव कोणाचं? पोराचं. हप्ता कोणाचा थकला? पोराचा. भाऊ दंड भरतो, आणि तो भरलेला दंड हीच नवी उचल. इथून पुढं पोरगा ‘नाही’ म्हणू शकत नाही. बहुतेक हस्तलिखितांत हा क्षण नसतोच. तिथं पोरगा सूडासाठी किंवा प्रेमभंगानं टोळीत जातो. लोक सूडानं जातही असतील, पण टिकतात ते अंगावरच्या बाकीमुळं.

नदीचा उपयोगही नीट करा. गेवराईच्या उत्तरेला गोदावरी हीच जिल्ह्याची हद्द, पलीकडं जालना. अलीकडचं पथक आलं की बोट पलीकडच्या काठाला लावायची. माणसाचंही तेच. तडीपारी होते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 खाली: एकट्यावर कलम 56, टोळीवर 55, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. आदेश फक्त बीडपुरता निघाला तर गडी नदी ओलांडून अंबड तालुक्यात राहतो आणि संध्याकाळी काठावर उभा राहून स्वतःच्या वस्तीतले दिवे बघतो. हे दृश्य फुकट घ्या. आदेशात लगतचे जिल्हे घातले तर ते का घातले याची कारणं लागतात. कारणं मोघम असली की वकील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात त्याच फटीत पाचर मारतो. कादंबरीतला वकील एवढा तरी हुशार असावा.

पोलीस ठाण्याच्या प्रकरणात ठरलेल्या चुका होतात. पीआय टेबलावर हात आपटतो आणि म्हणतो, ‘मोक्का लावतो तुला.’ त्याच्या हातात ते नसतं. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 1999 च्या या कायद्यात गुन्हा नोंदवण्याआधी डीआयजी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, पुढं खटल्यासाठी अपर महासंचालक दर्जाची परवानगी. शिवाय मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं हवीत, तीही कोर्टानं दखल घेतलेली. म्हणजे मोक्का धमकीनं लागत नाही, फाइलनं लागतो. त्या फाइलमागं रात्रभर जुने गुन्हे जुळवत बसलेला एक हवालदार असतो, जो मराठी गुन्हेकथेत अजून आलेला नाही. दुसरी चूक कबुलीजबाबाची. ठाण्यात दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. मोक्कात चालते, पण ती एसपी किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढं नोंदवलेली असेल तर. साध्या खुनात आरोपी ‘कोयता विहिरीत टाकलाय, काढून देतो’ म्हणतो, पंचांसमक्ष निवेदन होतं, मग विहीर उपसली जाते. निवेदनातला तेवढाच तुकडा पुराव्यात येतो. ते पंच कोण, त्यांना कुठून धरून आणलं, पुढं ते फितूर का झाले, यावरच एक प्रकरण होईल. कथानक 1 जुलै 2024 नंतरचं असेल तर 302 लिहू नका, न्याय संहितेत खुनाला 103 आहे. संघटित गुन्हेगारीला 111.

कोयत्याबद्दल एक बारीक गोष्ट. उसात साखर बुडख्याकडं जास्त, म्हणून तोड जमिनीलगत लागते. खुंट वर राहिला की शेतकरी आणि कारखाना दोघंही ओरडतात. डाव्या हातात ऊस, कमरेत वाकून उजव्या हाताचा घाव खाली, मग वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, छाटायचं, त्याच वाढ्यांनी मोळी बांधायची. वीस हंगाम हे केलेल्या माणसाचा हात रागातसुद्धा खालीच जाईल. तुमच्या तपास अधिकाऱ्याला हे कळत असेल तर त्याला फॉरेन्सिकच्या अहवालाआधी निम्मं उत्तर मिळेल. आणि तो अधिकारी स्वतः कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाढलेला असेल, तर त्याला ते कळल्याचं दुःखही होईल.

संवादांबद्दल थोडक्यात. बीडकडचा माणूस ‘काय करायलास?’ म्हणेल, उदगीरकडचा ‘काय करूलालास?’ संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यातला ‘नक्को’ म्हणेल. सगळ्यांच्या तोंडी सरसकट ‘लई’ आणि ‘च्यायला’ घालून बोली होत नाही. आणि भाऊ कधी ओरडत नाही. तो ‘जेवलास का?’ विचारतो.

आता उद्धार. इथं चांगले चांगले लेखक घसरतात, कारण त्यांना तारणहार हवा असतो. कधी तो शिक्षक असतो, कधी कलेक्टर, कधी हृदयपरिवर्तन झालेला भाऊ स्वतःच. भाऊची दानत जरूर दाखवा, ती खोटी नसते. घरकुलाच्या लाभार्थ्याला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळायची तरतूद आहे. कागद तलाठ्याकडं, वाळू घाटावर, आणि 1 लाख 20 हजारांच्या अनुदानातला पुढचा हप्ता बांधकाम वर आल्याशिवाय निघत नाही. बाई अडकलेली असते. भाऊ रात्रीत ट्रॉली टाकतो, पैसे घेत नाही. वस्ती त्याला देव मानते. सरकारनं फुकट देऊ केलेली वाळू त्यानं फुकट दिली, एवढाच व्यवहार, पण बाईनं घेतलेली ती उचल असते. ती फिटते निवडणुकीत, किंवा तिच्या धाकट्याला ‘लोकेशन’ला बसवून.

याच्या समोर जे उभं करायचं ते कागदाचं आणि संथ असतं, म्हणून लेखक कंटाळतो. वस्ती गायरानावर आहे. 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय 1991 चा. पुरावा काय? गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, आणि त्या काळात भरलेल्या दंडाच्या पावत्या. आजोबाला गुन्हेगार ठरवणारी पावतीच नातवाला जमीन देऊ शकते. ती पावती ट्रंकेत आहे की भाऊकडं गहाण, यावर गुन्हेकथेतलं अख्खं रहस्य उभं राहतं. गोळी सुटायची गरज नाही.

बचत गट घ्या. दहा ते वीस बायका, नियमित बैठक, बचत, आपसात कर्ज, परतफेड, हिशोबाची वही. पुस्तकात सोपं आहे. दिवाळी झाली की निम्म्या जणी पश्चिम महाराष्ट्राकडं किंवा कर्नाटकाकडं तोडीला जातात, बैठक मोडते, वही अर्धी राहते आणि बँक म्हणते गट नियमित नाही. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी बैठक चालू ठेवली तर गट जगतो. म्हणजे तुमच्या कादंबरीतली सगळ्यात धोकादायक बाई सत्तरीची आहे, अंगठेबहाद्दर आहे आणि वही तिच्या उशाखाली आहे. हंगामी वसतिगृहाचंही तसंच. आईबाप तोडीला गेल्यावर लेकरू आजीपाशी राहून शाळेत गेलं तर कोपीवर जात नाही, कोयता हातात येत नाही. पण योजना सुरू व्हायला उशीर झाला आणि टोळीचा ट्रॅक्टर आधी लागला, तर लेकरू ट्रॉलीत बसलेलं असतं. कोण आधी पोचतं, ही शर्यत पाठलागाच्या कुठल्याही दृश्याइतकी थरारक आहे.

उचल घेऊन जोडी पळाली आणि मुकादमानं भावाला डांबून ठेवलं, असं प्रकरण घेतलंत तर 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा वाचूनच घ्या. वेठबिगारी सिद्ध झाली की त्यापोटीचं कर्ज कायद्यानंच संपतं. मुक्तीचा दाखला हा कागद टोळीच्या अर्थशास्त्राला बंदुकीपेक्षा जास्त घाबरवतो. आणि मुकादमालाही राक्षस करू नका. तोही वाहतूकदाराकडून उचल घेऊन बसलेला असतो, जोड्या पळाल्या की त्याची जमीन जाते.

शेवटच्या प्रकरणाबद्दल लोक विचारतात. भाऊला मारायचं की आत टाकायचं? दोन्ही चालेल, ते शेवटून दुसऱ्या प्रकरणात उरकून घ्या. शेवटी कार्तिकातली संध्याकाळ ठेवा. वस्तीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा, मुकादम कोयते मोजतोय. पोराची आई पदराच्या गाठीतून राहिलेले सहा हजार काढून त्याच्यापुढं मोजते.

‘यंदा येत नाय मुकादम. माजा उचलीचा स्टँपपेपर द्या.’

‘आगं, तो घरी हाय. पुढच्या खेपंला आणतो.’

‘आणा की आत्ता,’ ती ट्रॉलीच्या दांडीवर टेकत म्हणते, ‘मी बसते.’