फुटपाथ ओला आहे तोवर कविता मारून घ्या!

नमस्कार मंडळी! शहराने कवितेसाठी काहीतरी करावं असं म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? हॉल, स्टेज, माइक, पन्नास खुर्च्या, त्यातल्या पंधरा भरलेल्या आणि त्या पंधरातले दहा जण आपला नंबर कधी लागतोय याची वाट बघणारे कवी. हसू नका, मी पण त्या दहात बसून आलेय, दुसऱ्याची कविता चालू असताना स्वतःची मोबाईलवर दुरुस्त करत.

तर आज ते सोडून बोलू. मला असं दिसतं की ज्या शहरांनी हे खरंच जमवलंय त्यांनी कवितेसाठी वेगळा सोहळा नाही केला, शहरात जे काम रोज चालूच असतं त्यात कविता घुसवली.

अमेरिकेत मिनेसोटात सेंट पॉल म्हणून शहर आहे. तिथे मार्कस यंग नावाचा आर्टिस्ट शहराच्या बांधकाम खात्याबरोबर काम करत होता. म्हणजे कलाकार कुठे बसवला, तर रस्ते आणि गटारं बघणाऱ्या लोकांत! आता या खात्याचं एक नेहमीचं काम काय, तर दरवर्षी फुटके फुटपाथ उखडायचे आणि नवीन काँक्रीट ओतायचं. आणि तिकडे काँक्रीट ओलं असताना कंत्राटदार कोपऱ्यात आपल्या नावाचा ठसा मारतो. यंगच्या डोक्यात आलं, की नावाचा ठसा मारताच आहात तर कवितेचा मारा ना!

२००८ मध्ये हे सुरू झालं. कविता मागवल्या त्या शहरातल्याच लोकांकडून, निवडलेल्या कवितांचे मोठे ठसे बनवले आणि जिथे फुटपाथची दुरुस्ती निघेल तिथे ओल्या काँक्रीटमध्ये दाबून टाकले. यात वेळ साधायला लागते बरं का, फार ओलं असेल तर अक्षरं परत बुजतात आणि वाळायला लागलं की ठसाच उमटत नाही, त्यामुळे कविता नीट येणार की नाही हे शेवटी ठरतं गवंडीकाम करणाऱ्याच्या हातावर. मला हे जाम आवडतं. लहानपणी ओल्या सिमेंटमध्ये काडीने नाव कोरून पळालेले आपण सगळेच, इथे तेच काम अधिकृतपणे चाललंय! आणि फुटपाथ तसाही होणारच होता, कविता असो वा नसो.

लंडनचं उदाहरण बऱ्याच जणांना माहिती असेल म्हणून पटकन सांगते. १९८६, जुडिथ चेर्नाइक नावाची लेखिका, तिने भुयारी रेल्वेवाल्यांना गळ घातली की डब्यातल्या जाहिरातींच्या रिकाम्या जागांवर कविता लावा. लागल्या, अजूनही लागतात, आणि १९९२ मध्ये न्यूयॉर्कनेही आपल्या मेट्रोत तसंच सुरू केलं. जागा जाहिरातीएवढीच, त्यामुळे कविता छोटीच निवडावी लागते. आणि वाचणारा कुठे पळणार, पुढचं स्टेशन येईपर्यंत समोर एकतर ती कविता नाहीतर समोरच्याचे बूट.

आता भिंती. नेदरलँड्समध्ये लायडन शहरात १९९२ पासून घरांच्या भिंतींवर कविता रंगवल्यात, शंभराहून जास्त, आणि ज्या भाषेतली कविता त्याच भाषेत त्याच लिपीत. पहिली होती मारिना त्स्वेतायेवाची, रशियन. कुणी म्हणेल की लोकांना वाचता येणार नाही तर उपयोग काय? अहो पण रोज त्या भिंतीवरून जाताना एखाद दिवशी वाटतंच की हे आहे तरी काय. न वाचता येणारी कविता भिंतीवर लावायला शहराचा आपल्या लोकांवर भरवसा लागतो.

भिंतीचा एक त्रास पण आहे. पुस्तक नाही आवडलं तर मिटता येतं, भिंत कशी मिटणार? बर्लिनमध्ये एका कॉलेजच्या भिंतीवर २०११ पासून ऑयगेन गोमरिंगर यांची कविता होती, मोजक्या स्पॅनिश शब्दांची, रस्ते, फुलं, बायका आणि शेवटी त्यांना बघणारा एक चाहता. विद्यार्थ्यांनी विचारलं की रोज आत येताना आम्ही हे का सोसायचं, बाई म्हणजे काय रस्त्यावरचं फूल आहे का? दुसरी बाजू म्हणाली ही सेन्सॉरशिप. जोरदार भांडण झालं आणि २०१८ मध्ये ती पुसून दुसरी लावायचं ठरलं. मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं, पण एका आठ ओळींच्या कवितेवरून अख्खा देश भांडतोय हे बघून, खोटं कशाला बोलू, हेवा वाटला.

आणि आता शेवटचं, जे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

नेदरलँड्समध्येच, २००१ मध्ये ग्रोनिंगन शहरात बार्ट ड्रूग या कवीने सुरुवात केली, पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एफ. स्टारिक यांनी. प्रत्येक शहरात अशी माणसं मरतात ज्यांच्यामागे कुणीच येत नाही, त्यांचे अंत्यसंस्कार नगरपालिका करते, फाइल बंद होते. इथे काय केलं, तर अशा प्रत्येक वेळी एक कवी जातो. त्याला आधी थोडीफार माहिती मिळते, वय, कुठे राहायचा, घरात काय सापडलं. कधी कधी तर नावही नसतं. त्यावर तो त्या एका माणसासाठी नवी कविता लिहितो आणि शवपेटीसमोर उभं राहून वाचतो.

ऐकायला कोण, तर पेटी उचलणारे आणि नगरपालिकेचा एखादा कर्मचारी. टाळ्या अर्थातच नाहीत.